टिचकी

नाना पेठेतल्या पहिल्याच दुकानात मी विचारलं, "मर्सिडीजचं हेड मिळेल का?" हेड म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. दुकानदाराने आधी माझ्या चपला पाहिल्या. चपलांचा हिशेब झाल्यावर म्हणाला, "शोरूमला जा."

"कार नाही, ट्रक आहे. टाटा-मर्सिडीज, तीनशे बारा. बासष्ट सालचा."

"मग हेड कशाला शोधताय? भंगारवाला शोधा."

हा ट्रक आमच्या अण्णांचा, म्हणजे आजोबांचा. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डायम्लर-बेंझशी करार केला आणि नाकाडे ट्रक रस्त्यावर आले. बॉनेटच्या पुढे तीन टोकांचा तारा. १९६९ला करार संपला, तारा गेला आणि पुढच्या ट्रकांवर टाटांचा 'टी' आला. आमचा ताऱ्याचा ट्रक बावीस वर्षं चाकणजवळ चिंचेखाली उभा होता. २००९पासून मर्सिडीज कारचा कारखानाही चाकणलाच आहे. नव्याकोऱ्या गाड्या ट्रेलरवर बसून समोरून जायच्या आणि म्हातारा चिंचेखालून बघायचा. श्रीमंत पुतण्यांनी लग्नात ओळख दाखवू नये, तसं ते सगळं.

मला हा ट्रक चालू करायचा होता. कारण विचारू नका. घरात विचारून झालंय. लहानपणी अण्णा हीटर प्लगचा खटका ओढायचे आणि डॅशबोर्डवरची बारीक तार लाल होईपर्यंत तंबाखू मळायचे. तार लाल झाली की चिमूट गालात आणि इंजिन चालू. तेवढं मला परत एकदा बघायचं होतं. तंबाखू सोडून.

धायरीच्या शेडमध्ये मिस्त्रींनी डिपस्टिक बाहेर काढली, तर टोकाला ऑइल नाही, चहा. रंगही अगदी अमृततुल्यातला. "ऑइलमध्ये पाणी उतरलंय," मिस्त्री म्हणाले. "गॅस्केट असेल, नाहीतर हेड." हेड उतरवलं, तर चौथ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीला चीर. ही पट्टी हेडातली सगळ्यात तापणारी जागा. एका बाजूने आग, दुसऱ्या बाजूने पाणी. इंजिन उकळलं असताना कुणी गार पाणी ओतलं की बिडाचं लोखंड एकदम आकसतं आणि तिथेच तडकतं. हे ऐकून वडील हळूच म्हणाले, "खेड घाटात एकदा विहिरीचं पाणी ओतलं होतं. मीच." चाळीस वर्षांनी मिळालेला कबुलीजबाब.

म्हणून नाना पेठ. सहा दुकानांत मला हेडऐवजी सल्ले मिळाले. एकाने इंजिनच बदला म्हणून सांगितलं, एकाने ट्रकचं हॉटेल करा म्हणून. एकजण तर "तुमच्या मिस्त्रीला काही कळत नाही" म्हणाला. मिस्त्री कोण, हे न विचारता. सातव्या दुकानात मात्र पोत्याखालून हेड निघालं. तीनशे बाराचंच, आणि चंदेरी रंगाने असं लखलखत होतं की गणपतीच्या मखरात शोभावं. साडेसात हजार. डोक्यावर पाटी: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पुण्यात पाट्यांना कोण घाबरतो? मी घाबरायला हवं होतं.

शेडमध्ये मिस्त्रींनी हेडला दोरीने टांगलं आणि पान्याच्या टोकाने हलकेच टिचकी दिली. ठण्ण व्हायला हवं होतं. थप्प झालं. मला कुंभारवाड्यात माठ घेणारी आत्या आठवली. ती एकेका माठाला बोटाने टिचक्या मारत, कुंभाराच्या तोंडाकडे न बघता, नुसत्या आवाजावर माठ घेते.

"आवाजावर जाऊ नका," मिस्त्री म्हणाले, "दाखवतो." थिनर लावून त्यांनी रंग काढला, मग फडक्याने सगळीकडे रॉकेल फिरवलं, मुरू दिलं आणि वरून पुसून कोरडं केलं. माझ्या मुलीच्या डब्यातला खडू कुटून त्याची भुकटी वर भुरभुरली. हेड पावडर लावलेल्या बाळासारखं पांढरं झालं. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. दोनेक मिनिटांत चिरेत लपलेलं रॉकेल पांढऱ्या भुकटीत वर आलं आणि दोन व्हॉल्व्हच्या मधून एक काळी, बारीक, किंचित वाकडी रेघ उमटत गेली. तळहातावरच्या आयुष्यरेषेसारखी. फक्त ही साडेसात हजारांची होती. चिरेवर जुनं वेल्डिंग, वेल्डिंगवर भेगा बुजवायची लांबी, लांबीवर चंदेरी रंग. बिडाला धड गरम न करता वेल्डिंग मारलं की शेजारी नवीन चीर जाते, तीही होती. एकावर एक फ्री.

रविवारी जुना बाजार. तिथे एका ताडपत्रीवर हेड होतं, शेजारी पितळी समई आणि टेलिफोनचा रिसीव्हर. "सहाशे ब्याण्णवचं आहे, टाटाचंच, बसतंय," विकणारा म्हणाला. "भोकं जुळली की झालं." मी फोटो काढून मिस्त्रींना पाठवला. त्यांचा लगेच फोन: "हात लावू नका." ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास; आमचं बोअर ९०चं. पण खरा घोळ निराळा होता. आमच्या इंजिनात डिझेल आधी हेडातल्या छोट्या कोठडीत पेटतं आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये येते. ६९२ डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. तिथे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत पडतं. आमच्या पिस्टनला तशी वाटीच नाही.

हे सगळं मी रात्री बायकोला दहा मिनिटं, कागदावर आकृती काढून समजावलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "म्हणजे फोडणी पळीत करून वरून घालायची की कढईतच करायची, एवढंच ना?" एवढंच. मिस्त्रींना सांगितलं, तर ते दोन मिनिटं गप्प बसले. आता ते सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतात, स्वतःचं म्हणून.

तर त्या रविवारी जुन्या बाजारातून मी रिकाम्या हाताने निघालो. ऊन मी म्हणत होतं. आत्या कसब्यात राहते, पुलाच्या अलीकडेच. पाणी प्यायला गेलो. वाड्याच्या चौकात कोपऱ्यात माठ. तांब्या बुडवताना माठाखालचं ओलं गोणपाट सरकलं. खाली चपटं लोखंड, शेवाळलेलं. त्यात ओळीने बारा गोल भोकं, आणि जोडीजोडीने त्यांच्या शेजारी सहा बारीक.

"आत्या, हे काय आहे?"

"माठाचं बूड."

"त्याच्याखाली?"

"ते अण्णांनी आणून ठेवलंय. कधी लागलं तर असू दे, म्हणाले. हलवायचं नाही, असंही म्हणाले." अण्णा जाऊन एकोणीस वर्षं झाली. सूचना अजून लागू होती.

मिस्त्री स्वतः कसब्यात आले, चप्पल काढून चौकात बसले, हेड विटांवर तोललं आणि टिचकी दिली. ठण्ण! वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "आरती आत्ता?"

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. हेड कॉस्टिकमध्ये उकळलं, पाण्याच्या वाटांतून वाटीभर गाळ निघाला, मग भोकं बंद करून गरम पाण्यात बुडवून हवेचं प्रेशर दिलं. एक बुडबुडा आला नाही. स्ट्रेट एज, म्हणजे सरळ पट्टी, ठेवली तेव्हा मधोमध तिच्याखालून फिलरचं पातळ पातं जात होतं, म्हणून ग्राइंडरवर आठ थाऊ, म्हणजे इंचाचे आठ हजारांश, घासलं. मिस्त्रींना वाटलं होतं जास्त जाईल. जास्त घासलेल्या हेडातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर येऊन आदळायची भीती असते, तेव्हा आठ थाऊवर आम्ही चहा पाजला. प्यायचा.

पण हे सगळं नंतर. आधी आत्या. पर्यायी बूड आल्याशिवाय हेड वाड्याबाहेर जाणार नाही, असा निकाल तिने मिस्त्रींच्या समोरच दिला. मी सुचवलेला लोखंडी स्टँड डुगडुगतो, म्हणून नको. विटा नकोत, विंचू होतात. जड, सपाट, पाण्याला न डगमगणारं काहीतरी हवं.

माझ्याकडे तसं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी धायरीहून रिक्षाने आणलं. रिक्षावाल्याने मीटरच्या वर शंभर मागितले, वर स्प्रिंगला काही झालं तर भरून द्या म्हणाला. दोघांनी उचलून चौकात ठेवलं. आत्याने पदर खोचला, एकदा चारी बाजूंनी फिरून पाहिलं, मग वाकून मधल्या बोटाने टिचकी मारली.

"कितीला घेतलंस?"

"साडेसात हजार."

तिने पुन्हा एकदा टिचकी मारली, कान जवळ नेऊन.

"फुटकं दिलंय रे तुला."