चांदणीचे खूर एका दिवसात का कापले नाहीत?

नमस्कार,

चांदणीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "तीन महिने झाले तरी घोडीचे खूर वाकडेच दिसतात. पहिल्याच दिवशी सरळ कापले असते तर बिचारी इतके दिवस लंगडली नसती. फोटो काढायला तसंच ठेवलंय का तिला? आणि मालकावर केस का नाही केली?" फोटोचं वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण घोडीची कणव आली म्हणूनच तुम्ही लिहिलंत, तेव्हा सविस्तर सांगते.

चांदणी वरातीची घोडी. मालकाचं दुखणं लांबलं, धंदा बसला आणि ती पुण्यातल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये आखूड दाव्याला वर्षभराहून जास्त उभी राहिली. भाकरी का करपली, घोडा का अडला, हे बिरबलाचं कोडं आपण लहानपणी सगळ्यांनीच ऐकलंय. न फिरवल्यामुळे! खुरांचंही तसंच आहे. आपल्या नखासारखा खूर वाढतच राहतो, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. चालत्या घोड्याचा जमिनीवर झिजतो, नाल मारलेल्या घोड्याचा नालबंद महिना-दीड महिन्याने छाटतो. बांधून घातलेल्या जनावराचा नुसता वाढतो. मुळशी रस्त्यावरच्या आमच्या आश्रयस्थानात ती उतरली तेव्हा पुढच्या दोन्ही खुरांची टोकं मोजडीसारखी वर वळली होती.

पहिल्या दिवशी ती तीन पायांवर उभीच राहू शकत नव्हती. एक खूर छाटायचा तर तो पाय उचलून धरावा लागतो आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. हिच्या फासळ्या लांबूनच मोजता येत होत्या, मागचे पाय थरथरत होते. पाय उचलला असता तर ती कोसळली असती.

दुसरं कारण खुराच्या आत आहे. तिथे पायाचं शेवटचं हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला आतून असंख्य बारीक, जिवंत पापुद्र्यांनी धरलेलं असतं. टोक लांबलं की प्रत्येक पावलाला पहारीने उचकटल्यासारखा ताण त्या पापुद्र्यांवर येतो. पकड सैल झाली की हाड खाली कलतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढले. डाव्या पायात हाड कललेलं निघालं आणि तळवा फार पातळ. डोळ्यांना सरळ दिसेल इतकं कापलं असतं तर सुरी थेट जिवंत भागात गेली असती. शिवाय पायामागच्या कंडरा आणि सांधे इतके दिवस त्या वाकड्या कोनाला सरावलेले. तो कोन एकदम बदलला की त्यांना नव्याने इजा होते.

तरी काहीच कापलं नाही, असं नाही. पाचव्या दिवशी वेदनाशामक देऊन नालबंदाने वळलेली मेलेली टोकं करवतीने उतरवली. तळव्याच्या खाचांतून काळा, सडका चिखल निघाला. तो वास हातावरून दोन दिवस गेला नाही. तेव्हापासून रोज खूर साफ करतो, खाली कोरडा लाकडाचा भुसा घालतो आणि दर चार आठवड्यांनी एक्स-रे समोर ठेवून थोडं थोडं कमी करतो.

आता तोच फोटो जरा मोठा करून बघा. केस संपतात तिथून खाली बोट-दीड बोट खूर गुळगुळीत आहे आणि त्याचा उतार सरळ आहे. त्याखालचा वळकट्या पडलेला, वेडावाकडा भाग जुना, शेडमधला. नवा खूर वरून खाली सरकत टोकापर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. ते कुणालाच घाईने आणता येत नाही.

चूक झाली ती वेगळीच, आणि माझ्याकडून. पहिल्या संध्याकाळी तिची दशा बघवली नाही, मी भिजवलेला हरभरा आणि गूळ तोबऱ्यात भरून नेला. डॉक्टरांनी तो हातातून काढून घेतला. बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम धान्य किंवा गोड दिलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि पहिल्या दहा दिवसांत हृदय बंद पडू शकतं. आधीच दुखऱ्या खुरांची सूजही वाढते. म्हणून कोरडं गवत, थोडं थोडं, दिवसरात्र दर चार तासांनी. मायेपोटी मी तिला मारून बसले असते, हे अजून मनातून जात नाही.

केसबद्दल. मालक निर्दोष आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पाणी पाजायला माणूस येत होता, तर खूर कुणालाच दिसले नाहीत? पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. त्याने घोडी लेखी सोडून दिली, आम्ही ती त्याच दिवशी हलवली. मला तेव्हा घोडी हवी होती. तुम्हाला हा निर्णय पटणार नाही, ते मी समजू शकते.

दातांवरून तिचं वय चौदा-पंधरा धरलंय. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो.

गेल्या छाटणीला नालबंदाने कानस बाहेर काढली आणि तिने डावा पाय आपणहून उचलला. कुणी हात लावला नव्हता. पुढची छाटणी येत्या रविवारी सकाळी आठला आहे. तुम्ही या, शेजारी उभं राहून बघा. सोबत काही आणायचं असेल तर गूळ नको, कोरडं गवत आणा.