दोन रट्टे आणि मावशीची खुर्ची

सकाळी एका ग्रुपवर शांतता समित्यांबद्दल चार ओळी टाकल्या, तर लगेच खाली कमेंट, "ताई, या बैठका-बिठका पुरे करा, दोन रट्टे दिले की सगळे सुतासारखे सरळ होतात." त्यावर हसण्याचे इमोजी, टाळ्या. डोकंच फिरलं माझं. अरे, रट्टे खाल्लेला माणूस घरी जाऊन झोपतो का? तो पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येतो.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. कुठूनतरी अफवा उठली आणि रात्री दोन्हीकडची पोरं आमच्या गल्लीत समोरासमोर, हातात दगड. मावशीने घरातली खुर्ची उचलली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि बसली. आणि एकेकाला नावाने हाका मारायला लागली. "तोंड कशाला लपवतोस रे, बापाचा ताप उतरला का?" नर्स होती ती, दोन्हीकडच्या घरांत जाऊन इंजेक्शनं दिलेली. एक दगड आला, खुर्चीच्या पायाला लागला. ही तिथेच.

सगळे म्हणतात काय ते धाडस! ती म्हणायची, गुडघे लटपटत होते म्हणून तर बसले. खरं काम त्या रात्री झालंच नाही, त्याआधीच्या वीस वर्षांत झालं होतं.

केनियात वजीरला १९९० च्या दशकात कुळाकुळांमध्ये कत्तली चालल्या होत्या, तेव्हा देखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या मैत्रिणींनी सुरुवात कुठून केली माहितीये? बाजारातून. कुठल्याही कुळाची बाई असो, तिला तिथे बिनधास्त विकता-घेता आलं पाहिजे, एवढंच. मग म्हातारे, तरुण, सरकारी लोक सगळे जोडले गेले, आणि कुठे काही पेटतंय कळलं की बदला घ्यायला कुणी निघायच्या आत यांची माणसं तिथे हजर. लायबेरियात २००३ साली यादवी युद्ध थांबवा म्हणून ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून एकत्र बसल्या, घानात वाटाघाटी रेंगाळल्या तर तिथे जाऊन दारच अडवलं, करार केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणून! ऑगस्टमध्ये करार झाला. या बायकांच्या पुढारी लेमा बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आणि आपल्याकडे म्हणे बैठका-बिठका.

हो, लायबेरियात नंतर युनोची फौजही लागली, मान्य. आमच्या गल्लीच्या टोकालाही पोलिसांची गाडी उभी होती, तेही मान्य. पण गाडीतल्या एकालाही त्या पोरांची नावं माहीत नव्हती ना!

आणि बंदुकीवर कितीही खर्च करा, कुणी हिशोब मागत नाही, पण घरोघर फिरणाऱ्या बाईला मात्र विचारणार, "याने नक्की काय झालं?" काय सांगणार ती? न झालेल्या दंगलीचा फोटो कुठून आणणार?

जाऊ दे. लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, तर एक सांगूनच टाकते. ती कमेंट ज्याने केली ना, तो त्या रात्री त्या पोरांत होता. बापाचा ताप विचारला तो त्यालाच. दगड त्याने तिथेच खाली टाकला होता, मी खिडकीतून बघितलंय. विसरला असेल, किंवा नसेलही.

कमेंटला उत्तर दिलेलं नाही. उद्या फोन करते. मावशीने आधी दोन शिव्या हासडल्या असत्या, पण फोन केलाच असता.