'पहिल्यासारखी मजा नाही राहिली' : एका वाक्याची चिरफाड

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत विनोदाच्या तीन पिढ्या एकाच छताखाली नांदतात. आजोबांचे पु. ल., आई-बाबांचा राजू श्रीवास्तव, पोरांचा झाकिर खान. आवडी तीन, पण तक्रार तिघांची एकच: "आता पहिल्यासारखी मजा नाही राहिली." सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाचं मध्यंतर असो नाहीतर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतली पोह्यांची प्लेट, हे वाक्य कानावर पडतंच. पुढे 'भिया', म्हणजे इंदुरी 'भाई', लावला की तेच हिंदीत.

या वाक्यात निदान तीन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असतात. विनोद शिळा झाला, विनोद आपल्याला पाठ झाला, किंवा कलाकार खरोखरच ढिला पडला. लोक सरसकट तिसरं निदान करून मोकळे होतात. माझ्या मते बहुतेक वेळा ते चूक असतं.

आधी शिळेपणाचं बघू. सगळ्यात लवकर नासते ती नक्कल. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार असलेला आणि तिथूनच नाव उचलून स्टेजवर आलेला जॉनी लिव्हर घ्या. त्या काळातल्या नटांचे आवाज तो काढायचा तेव्हा अर्धा विनोद त्याच्या गळ्यात असायचा आणि अर्धा ऐकणाऱ्याच्या डोक्यात. आज विशीतल्या पोराने राजकुमार ऐकलेलाच नाही. त्याला फक्त एक माणूस मान वाकडी करून घोगऱ्या आवाजात 'जानी' म्हणताना दिसतो. विनोद बिघडलेला नाही, त्याचा अर्धा भाग ज्यांच्या डोक्यात होता ती मंडळी उठून गेली. नकलेचं आयुष्य ज्याची नक्कल करता त्याच्या प्रसिद्धीइतकं, एक दिवस जास्त नाही.

ताज्या बातमीवरचं भाष्य दुसऱ्या नंबरवर. आपल्या माळव्याचंच उदाहरण आहे: शरद जोशी. उज्जैनला 1931 मध्ये जन्म, 1991 मध्ये गेले. कविसंमेलनाच्या मंचावर, जिथे लोक कविता ऐकायला बसलेले असत, तिथे हा माणूस सरळ गद्य वाचायचा आणि मांडव हलवायचा. स्टँडअप हा शब्द इथे कोणाला माहीत नसताना आपल्याकडे ते चालू होतं. त्यांचं त्या-त्या आठवड्याच्या राजकारणावरचं लेखन आज तळटीपांशिवाय कळत नाही. पण न हलणाऱ्या पाहुण्यावरचा 'तुम कब जाओगे, अतिथि' अजून धडधाकट आहे, कारण तसे पाहुणे अजून येतात. गंमत अशी की तोच लेख नववीच्या हिंदीच्या पुस्तकात आला आणि मुलांच्या नजरेत शरद जोशी 'विनोदी' ऐवजी 'पाच मार्कांचे' झाले. अभ्यासक्रमात जाण्याइतकं नुकसान टीकाकारसुद्धा करू शकत नाहीत.

आता पु. लं.ची 'म्हैस' ऐका. एसटी, म्हशीला बसलेली धडक, पंचनाम्यासाठी अडकून पडलेले उतारू. आजच्या मुलाला यातली एसटी परकी आणि पंचनामा हा शब्द तर बातम्यांपुरताच. तरी तो हसतो. कुठे हसतो ते नीट बघा: अपघात दुसऱ्याचा, म्हैस तिसऱ्याची, आणि सल्ला देणारे मात्र सगळे, तिथे. सामान जुनं झालं, माणसांची खोड जुनी झाली नाही. जुन्या कलाकाराचं काय टिकणार हे ओळखायची ही साधी चाचणी आहे. विनोदातलं सामान बदलून बघा. एसटीच्या जागी विमान घातलं तरी गोष्ट उभी राहते का? राहिली तर अजून पन्नास वर्षं काळजी नको.

पाठ होण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि इंदूरच्या मराठी प्रेक्षकाची खरी गफलत इथेच होते असं मला वाटतं. आपण एकपात्रीवर वाढलो. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे 52 पात्रं उभी करायचे, आणि तिसऱ्यांदा तिकीट काढणाऱ्याला पुढचं वाक्य माहीत असायचं. त्याला तेच वाक्य हवं असायचं. तो हसायचा ते धक्का बसला म्हणून नाही. भैरवीत अपेक्षित जागा आली की मान हलते, तसं ते हसू. देशपांडे 2009 मध्ये गेले, पुढे संदीप पाठक तोच प्रयोग करू लागला, तेव्हाही चर्चा 'नवीन काय' अशी नव्हती. 'ती जागा तशी घेतो का' अशी होती. हा नाटकाचा हिशेब झाला: संहिता तीच, रोजचा प्रयोग वेगळा.

स्टँडअपचा हिशेब उलटा. तिथे विनोद एकदा रेकॉर्ड होऊन बाहेर पडला की कलाकाराच्या लेखी तो संपला. अमेरिकन विनोदवीर जेरी साइनफेल्डने 1998 मध्ये आपला जुना सगळा माल एकदा शेवटचा करून जाहीरपणे मोडीत काढला आणि शून्यापासून सुरुवात केली. कारण सरळ आहे. एक तासाचा नवा कार्यक्रम बांधायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. आधी ओपन माइकला, म्हणजे कोणालाही मंच मिळतो अशा कार्यक्रमात, चार-पाच मिनिटं, त्यातली तीन फेकून द्यायची, उरलेल्याला नवं जोडायचं, पंधरा-वीस मिनिटं घट्ट झाली की दुसऱ्या शहरात तपासायची. मग दौरा, आणि शेवटी एक-दोन प्रयोगांचं शूटिंग करून त्यातून एक कापून काढायचा. त्या एका तासात प्रत्येक शब्द शेकडो वेळा घासलेला असतो.

आपल्याकडे काय होतं? वडील झाकिरच्या शोला नाटकाचा हिशेब घेऊन जातात आणि 'ते सख्त वालं केलंच नाही', म्हणजे त्याचा गाजलेला 'सख्त लौंडा' तुकडा, म्हणून नाराज होऊन येतात. मुलगा पु. लं.च्या रेकॉर्डिंगला स्टँडअपचा हिशेब लावतो आणि 'हे तर मागच्या दिवाळीला ऐकलं' म्हणून उठतो. दोघंही आपल्या जागी बरोबर, फक्त काटा चुकीच्या मालाला लावलेला.

झाकिरवरून एक बघण्यासारखी गोष्ट. मुलगा आपल्या गावचा, 1987 चा जन्म. 2012 मध्ये कॉमेडी सेंट्रलची स्पर्धा जिंकला, 2017 मध्ये 'हक से सिंगल' आलं. तेव्हा विशीत असलेला त्याचा चाहता आज तिशीजवळ आहे. लग्न, इएमआय, आईची शुगर. 'सख्त लौंडा' त्याला आता पोरकट वाटतो आणि तो म्हणतो झाकिर बिघडला. वास्तविक झाकिर 2022 च्या 'तथास्तु' मध्ये आजोबांपर्यंत, सारंगीनवाज उस्ताद मोइनुद्दीन खाँसाहेबांपर्यंत पोचला होता. म्हणजे तोही मोठा झाला, चाहताही झाला, फक्त दोघं वेगळ्या गल्लीतून निघाले. त्यातच दुसरा चाहता असा आहे की ज्याला 'तथास्तु' मध्येच पहिल्यांदा झाकिर आवडला. माझं मत या दुसऱ्याच्या बाजूचं, पण पहिल्याला मूर्ख म्हणणार नाही. विशीत जो आपली बाजू घेऊन बोलला तो माणूस तिशीत तिथे नसतो, तेव्हा थोडं लागतंच.

'पूर्वीचा वेग नाही' ही तक्रार तर कित्येकदा निव्वळ हॉलची असते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. सतरा मीटर खोल सभागृहात शेवटच्या रांगेचं हसू कलाकाराकडे परत यायला, जाणं-येणं धरून, सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. इंदूरच्या जाल सभागृहासारख्या ठिकाणी कलाकार हशाच्या शेपटीवर पुढचं वाक्य टाकू शकतो. तेच पंच्याऐंशी मीटरवर लोक बसले असतील तर अर्धा सेकंद जातो, आणि हसू एकदम न येता लाटेसारखं येतं. घाई केली तर मागच्यांचं हसू पुढच्या वाक्यावर पडतं आणि वाक्य मरतं. म्हणून मोठ्या मैदानात सगळेच संथ होतात, वाक्यं लांबतात, हातवारे वाढतात. झाकिरने ऑगस्ट 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत कार्यक्रम केला. तिथला ठेका आणि कॅफेतल्या पन्नास माणसांसमोरचा ठेका एक असूच शकत नाही.

आणि क्लिपा. एक मिनिटाच्या क्लिपेत खाली अक्षरं आधी उमटतात, आवाज मागून येतो. म्हणजे पंच, विनोदाचा नेमका फटका, वाचला जातो, ऐकला जात नाही. पहिल्या दहा मिनिटांत पेरलेली गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला परत आणायची असते, ती क्लिपेत कापली की उरतो नुसता एक विचित्र शब्द. हल्ली जुने कलाकारही समोरच्या रांगेतल्या माणसाशी गप्पा मारतानाच्याच क्लिपा टाकतात, त्यावरून 'याच्याकडे आता लिहिलेलं काही नाही' असं अनुमान निघतं. उलट आहे. लिहिलेला माल जळू नये म्हणून गप्पा बाहेर सोडतात.

काळ क्रमवारी कशी फिरवतो त्याचा आपल्याकडचा पुरावा 2005 चा. 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' ही टीव्हीवरची विनोदाची स्पर्धा. पहिला सुनील पाल, दुसरा आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीचा एहसान कुरैशी, तिसरा राजू श्रीवास्तव. आज दहा जणांना विचारा कोण जिंकलं होतं, निम्मे तरी राजूचं नाव घेतील. कारण इतरांनी आठवड्याला पुरतील असे विनोद आणले, राजूने गजोधर या त्याच्या गावरान पात्रासकट अख्खं गाव आणलं. मग मोबाइलवर वाढलेल्या पिढीने या सगळ्यांना 'चुटकुलेवाले' म्हणून मोडीत काढलं. 21 सप्टेंबर 2022 ला राजू गेला आणि त्याच पिढीच्या फोनवर त्याचे जुने तुकडे फिरायला लागले. मेल्यावर माणूस चांगला होतोच, तेवढं वजा करा. तरीही उरतं ते निरीक्षण खणखणीत आहे.

अमेरिकेत जॉर्ज कार्लिनचं असंच. साठच्या दशकात सूट-टायमधला सभ्य माणूस, मग दाढी वाढवून सात शिव्यांवरचा तो प्रसिद्ध भाग, ज्याचं प्रकरण 1978 मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेलं. 1977 ते 2008 मध्ये एचबीओ या वाहिनीवर 14 कार्यक्रम. शेवटी शेवटी जुने चाहते म्हणायचे की म्हातारा नुसता चिडतो. आज अवतरणं फिरतात ती बहुतेक त्या चिडक्या म्हाताऱ्याचीच. एडी मर्फीचा प्रवास उलटा. ऐंशीच्या दशकात ज्या विनोदांवर सभागृह हललं त्यातल्या एड्सवरच्या विनोदांबद्दल त्याने स्वतः 1996 मध्ये माफी मागितली. चाहत्यांपेक्षा कलाकाराचं मत आधी बदललं, असं क्वचित होतं. ज्याच्यावर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले त्या बिल कॉस्बीबद्दल इथे लिहीत नाही. तिथे प्रश्न विनोदाचा उरलेलाच नाही.

तर जुन्या माणसाबद्दल मत बनवायचंच असेल तर कसं ऐकावं? पूर्ण कार्यक्रम घ्या, क्लिपा नकोत. एकट्याने इयरफोन लावून ऐकू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने लोकांच्या हसण्याच्या नोंदी घेतल्या तेव्हा माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो असं दिसलं. म्हणजे रात्री पांघरुणात ऐकून 'हसूच आलं नाही' हा पुरावा धरता येत नाही. दोन-तीन माणसं बसवा, त्यातलं एक तरी त्या कलाकाराला न ओळखणारं असू द्या. पहिली दहा मिनिटं कागदावर हशांच्या रेघा मारा. कॉमेडी क्लबमधला ढोबळ हिशेब मिनिटाला चार ते सहा हशांचा असतो, गोष्ट सांगणाऱ्याचे कमी भरतील, म्हणून रेघेशेजारी एक अक्षर लिहा: नक्कल असेल तर न, ओळखीची खोड असेल तर ख, नुसतं आवडत्या माणसाला बघून आलेलं असेल तर प्रे, म्हणजे प्रेम. जुन्या आणि नव्या कार्यक्रमाचे दोन कागद शेजारी ठेवा. नव्यात 'ख' आटले आणि 'प्रे' वाढले असतील तर मात्र तुमची तक्रार खरी आहे, कलाकार पुण्याईवर जगतोय.

ढिलेपणाच्या आणखी काही खुणा आहेत. पहिला खरा विनोद यायला दहा मिनिटं लागतात. 'आजकाल काही बोलायची सोय नाही' यावर पाव तास जातो. हशाऐवजी टाळ्या मिळतील अशी वाक्यं वाढतात. टाळी ठरवून वाजवता येते, हसू नाही. शेवट कायम वीस वर्षांपूर्वीच्या हिट तुकड्याने होतो.

एक मात्र तिकीट काढण्याआधी बघा. नावापुढे 'ट्रायल' किंवा 'वर्क इन प्रोग्रेस' लिहिलं असेल, तिकीट नेहमीपेक्षा स्वस्त असेल आणि जागा एखादं लहान कॅफे असेल, तर तिथे तयार माल मिळणार नाही. स्टुलावर कागद असेल, अर्धे विनोद पडतील, पडलेल्यावर तो पेनने काट मारेल. ते बघायला जरूर जा. फोन खिशात ठेवा, आणि घरी येऊन 'म्हातारा संपला' असं लिहू नका, कारण तुम्ही प्रयोग नाही, तालीम बघून आलात.