देवाला आणि डॉक्टरला भांडायला लावू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या गल्लीच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच वाद चालू आहे, आणि इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून तो वाचताना माझा संताप होतो. गल्लीतली एक कॉलेजची मुलगी बेळगावला जाताना बसमध्ये घाबरी झाली. छाती धडधडली, हात गार पडले, श्वास पुरेना, आपण आता मरणार असं तिला वाटलं. वाटेत मच्छे गावाला लोकांनी उतरवून पाणी पाजलं. असं दोनदा झालं, आणि तिनं कॉलेज सोडलं. आता अर्धा ग्रुप म्हणतो, बाहेरचं आहे, उतारा टाका, सौंदत्तीला यल्लम्माकडे नेऊन आणा. उरलेला अर्धा म्हणतो, देवबिव पुरे, गोळ्या चालू करा, कुठल्या काळात राहता. मधल्या मध्ये ती मुलगी घरात बसून आहे. तिला काय वाटतं हे दोन आठवड्यांत एकानंही विचारलेलं नाही.

मी दोन्ही बाजूंना लिहिलं. त्यावर माझ्या चुलत दादाचं उत्तर आलं, "तिकडं बसून सांगायला काय जातंय तुझं?" ते मला लागलं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी देवाच्या बाजूबद्दल, कारण मी त्या बाजूची आहे. मी सश्रद्ध बाई आहे. लेस्टरच्या घरात माझा देव्हारा आहे, रोज दिवा लागतो, नामस्मरण चुकत नाही. म्हणूनच सांगते, भीतीपोटी देवाकडे नेलेलं माणूस मोकळं होऊन परत येईलच असं नाही. आमच्याच जिल्ह्यात हे घडलेलं आहे. पोरीच्या केसांत जट दिसली की घरचे हादरायचे, यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायचे, आणि न विंचरल्यानं गुंतलेल्या केसांपायी एका जिवंत मुलीला देवदासी म्हणून देवीला सोडलं जायचं. हे थांबवायला कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. त्या आयांची भक्ती खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण घरात निर्णय घेत होती ती भीती, आणि नाव देवीचं होत होतं. आज या मुलीला "बाहेरचं आहे" सांगणारे तिला आणखी एक भीती देत आहेत. आधी ती बसला भीत होती. आता स्वतःच्या अंगालाही भिते.

आणि "देवबिव पुरे" म्हणणाऱ्यांनो, तुम्ही तिच्या हातातली एकमेव ओळखीची गोष्ट काढून घेताय. तिची आजी आषाढीला दिंडीतून पंढरपूरला चालत जायची. त्या घरात संकट आलं की आधी देवाला हात जोडतात, मग चपला घालतात. ज्या चालीनं ते घर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहिलं, ती अडाणी म्हणून झटकली की ती माणसं डॉक्टरचंही ऐकेनाशी होतात.

आता माझं. इथे आल्यावर काही वर्षांनी मला एम वन या मोटरवेवर गाडी चालवताना असाच झटका आला. डावीकडे लॉरी, उजवीकडे लॉरी, आणि माझे हात स्टिअरिंगवरून सुटतील असं वाटायला लागलं. त्यानंतर मी मोटरवे टाळून गावागावांतून कामाला जायला लागले. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, रक्त तपासलं, थायरॉइड पाहिला, हृदय ठीक असल्याचं सांगितलं. मग टॉकिंग थेरपीजला, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या इथल्या सरकारी सेवेला, मी स्वतःच फॉर्म भरला. मला वेड लागलंय का, असं कुणी विचारलं नाही. ऑफिसात मॅनेजरला सांगितलं, तर तिनं दर बुधवारी दुपारचा तास मोकळा करून दिला. आपल्याकडे हे झालं असतं का? मुलीचं लग्न मोडेल म्हणून आई शेजारणीलाही सांगत नाही. वाट मलाही पाहावी लागली, पण तो आजचा मुद्दा नाही.

मला सात प्रश्नांचा एक तक्ता देतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस बेचैन होता, काळजी थांबवता आली का, काहीतरी भयंकर घडेल असं वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. आठ किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष देतात. पहिल्यांदा मी त्याच्या बरीच वर होते.

तिथल्या थेरपिस्टला मी सांगितलं की मी नाम घेते. मला वाटलं होतं, ती हसेल. तिनं विचारलं, "नाम घेता ते भीती जावी म्हणून, की भीती असताना गाडी चालवता यावी म्हणून?" मी बराच वेळ गप्प बसले. मग तिनं समजावलं. भीती घालवायला नाम घेतलं तर माणूस सारखं तपासत राहतो, गेली का, गेली का, आणि त्या तपासण्यानंच ती वाढते. उद्या नाम घ्यायला विसरलात तर गाडीत बसणंच अवघड होईल. त्यापेक्षा नाम घ्या, भीतीला बाजूला बसू द्या, आणि गाडी चालवा. धडधड वाढते, काही मिनिटांत शिखराला पोचते, आणि तुम्ही पळून गेला नाहीत तर आपोआप उतरते. पळालात तर शरीर एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

हे सांगायला एक ख्रिश्चन बाई लागली, पण आमचा वारकरी हे आधीपासून जाणतो. तो विठ्ठलाला ऊन कमी कर म्हणत नाही. उन्हात चालतो. सोबत पाण्याची बाटली असते, रक्तदाबाची गोळी असते, मुक्काम कुठे ते ठरलेलं असतं. त्या नामात आणि त्या गोळीत भांडण असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मग मी पायरी पायरीनं गेले. आधी नुसती स्लिप रोडपर्यंत, म्हणजे मोटरवेवर चढायच्या जोडरस्त्यापर्यंत. मग एका जंक्शनला चढून पुढच्याला उतरायचं, रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना. मग पावसात. मग कामाच्या दिवशी. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत केली. कंटाळा आला की समजायचं, भीती तिथून उठली.

दादा म्हणतो, तिकडं सगळं आहे, इथं काय आहे? दादा, बघ की जरा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावला जिल्हा रुग्णालय आहे, तालुका इस्पितळात मंगळवारच्या मानसोपचार ओपीडीची मनोचैतन्य योजना आहे. जिल्ह्याजिल्ह्यात मनाचे उपचार पोचवण्याचा जो कार्यक्रम १९९६ साली देशात सुरू झाला, त्याचा नमुना १९८० च्या दशकात याच राज्यात, बळ्ळारीत, तयार झाला. तरी बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की बहुतेक मानसिक विकारांत शंभरातल्या सत्तर ते नव्वद जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. यात सोयींची कमतरता आहे, आणि आपल्या ग्रुपवर चालू असलेला हा वादही आहे.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती मला इथल्या कुणाला समजावता येत नाही. छातीत नेमकं काय होतं हे आपल्या बोलीतच सांगता येतं. इस्पितळात समोरचा डॉक्टर कन्नड बोलणारा निघाला तर खानापूरची बाई "बरं आहे" म्हणून उठते. म्हणून सोबत असं माणूस न्या, ज्याला दोन्ही भाषा येतात आणि जे तिच्या वतीनं बोलायच्या आधी तिचं ऐकेल. सीमाभागात प्रत्येक गल्लीत असं एक तरी माणूस असतं.

मुलीच्या आईशी मी फोनवर बोलले. ती म्हणाली, "देवाला सांगून बघितलं गं, आता काय करू सांग की." मी म्हटलं, देवाला सांगणं सोडू नका. सोबत हे करा. आधी डॉक्टरकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. गोळी दिली तर मनानं बंद करू नका. मग नुसतं बसस्टँडवर जाऊन बसा, बस सुटताना बघा, परत या. मग प्रभूनगरपर्यंत, तुम्ही तिच्या शेजारी. मग तुम्ही दोन सीट मागे. मग मच्छे, जिथे तिला उतरवलं होतं. तिथे धडधडलं तरी उतरायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, आणि पिरनवाडी येईपर्यंत बसायचं. नाम घ्यायचं असेल तर घेऊ दे. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, तेव्हा रोज गेलं तरी खर्च नाही. ती म्हणाली, उद्या स्टँडवर जाऊन बसतो.

आता दादाच्या वाक्याकडे परत येते. सांगायला माझं काय जातं? मोटरवेची भीती माझी गेली. रात्री वाजणाऱ्या फोनची गेली नाही. घरी आई एकटी आहे. जे करता येतं ते केलंय. शेजारी किल्ली आहे, डॉक्टरचा नंबर भिंतीवर आहे, पासपोर्ट आणि थोडे पैसे कायम तयार असतात. त्यापुढे पायऱ्या नाहीत. इथल्या महाराष्ट्र मंडळात मला विचारतात, "म्हणजे तुम्ही कर्नाटकातल्या?" बेलग्रेव्ह रोडच्या मंदिरात आरती गुजरातीत होते आणि मी टाळ्या वाजवत उभी राहते. गावी सातबारा काढायला गेले तर कन्नड वाचून घ्यायला माणूस शोधते. मी नक्की कुठली, याचं उत्तर मला कुठल्याच काउंटरवर देता येत नाही. आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला, गाऱ्हाणं घालते तेव्हा मात्र तो मला कुठली म्हणून विचारत नाही, आणि आईला मी त्याच्याच हवाली केलं आहे. म्हणून कुणी त्या मुलीला देव सोड म्हटलं की मला राग येतो, आणि कुणी तिला नुसत्या देवावर सोडलं की त्याहून जास्त येतो.