हातानं बनवलेलं रक्त

घरात सगळे जागे असताना लावता येत नाहीत अशा सिनेमांबद्दल लिहितेय. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी पोरांनी चार पैशांत काढलेले रक्तपट. दिग्दर्शकांची नावं श्नास, इटेनबाख, बुटगेराइट. बघताना शिसारी येते, बघून झाल्यावर मन खातं, तरी पुढचा हाती लागला की मी बसतेच. 'विकृती' एवढ्या एका शब्दात हे आटोपतं असं मला वाटत नाही.

पश्चिम जर्मनीत व्हिडिओ घरोघरी पोचला आणि भयपटांविरुद्ध काहूर उठलं. दंडसंहितेच्या कलम १३१ खाली कॅसेटी जप्त व्हायला लागल्या. सॅम रेमीचा 'द ईव्हिल डेड' १९८४ मध्ये असाच गेला. प्रकरण थेट घटना न्यायालयात पोचलं. १९९२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कलमात माणसांवरची हिंसा म्हटलंय, त्यात झोंबी ओढूनताणून बसवता येणार नाहीत. पुढे कलमातच 'माणसासारखे जीव' अशी भर पडली, ती २००४ पासून लागू आहे. दुकानात जे मिळायचं त्यातले बरेच सिनेमे इतके कापलेले असत की कुणी कुणाला मारलं तेच कळू नये. अशा वातावरणात वाढलेल्या पोरांनी स्वतःच कॅमेरा उचलला, आणि जे कापलं जात होतं नेमकं तेच दाखवायला घेतलं.

हॅम्बुर्गच्या आंद्रेआस श्नासनं १९८९ मध्ये मित्रांना जमवून साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'व्हायलंट शिट' काढला. त्यातला खुनी म्हणजे कसाई कार्ल. चित्र धूसर, गोष्ट नावालाच, अभिनय शून्य. सिनेमा म्हणून तो वाईट आहे. पण ओलाफ इटेनबाखचा 'द बर्निंग मून' बघा, १९९२ चा. व्यसनी भाऊ धाकट्या बहिणीच्या पलंगाशी बसून तिला दोन भयानक गोष्टी सांगतो, भाऊ झालाय इटेनबाख स्वतः. शेवटी नरक येतो. एका माणसाचे पाय दोन बाजूंना ओढून त्याला मधोमध फाडतात, आणि कॅमेरा हलत नाही. कातडी आधी ताणली जाते, मग तिला चीर पडते, मग आतलं बाहेर येतं. ते खोटं आहे हे स्पष्ट दिसतं. कुणीतरी तो देह घडवलाय, रंगवलाय, आत नळ्या बसवल्यात आणि चौकटीबाहेर थांबून रक्त सोडलंय, हेही दिसतं. मला ओढ लागते ती या कष्टांची. करोडोंच्या सिनेमात अख्खं शहर कोसळतं, हजारो माणसं मरतात आणि आपण पॉपकॉर्न खात राहतो. इथे एकाच देहावर सगळी मेहनत ओतलेली असते, त्यामुळे तो देह मोडताना जड वाटतो. संगणकावर काढलेलं रक्त बघून माझ्या पोटात कधीच काही हललं नाही.

आता मन कुठे खातं ते. 'द बर्निंग मून'मधल्या पाद्र्याच्या गोष्टीतला बलात्कार मी पुढे ढकलते, दरवेळी. या पोरांच्या सिनेमांत बाई बऱ्याचदा फक्त कापायला आणलेली असते, आणि 'तो काळच तसा होता' हे मी मान्य करणार नाही. 'नेक्रोमांटिक'मध्ये ससा मारून सोलण्याचं चित्रण आहे, तो ससा खरा आहे. कारागिरीच्या नावाखाली त्याचं समर्थन मी करूच शकत नाही, कारण तिथे कारागिरी नाहीच.

तरीही त्या 'नेक्रोमांटिक'चा दिग्दर्शक यॉर्ग बुटगेराइट मला या सगळ्यांत मोठा वाटतो. सुपर-८ वर, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या फिल्मवर, चित्रित केलेला सिनेमा, अपघातातली प्रेतं गोळा करणारा नायक, एक प्रेत घरी आणतो, आणि त्यावर इतका हळवा पियानो की आपण नक्की कशानं गलबललो याची लाज वाटावी. दुसरा भाग १९९१ मध्ये म्युनिकमध्ये पोलिसांनी जप्त केला, नंतर ती कलाकृती आहे हे मान्य झालं. त्याच्या 'डेअर टोडेसकिंग'मध्ये, १९९० च्या, आठवड्याच्या सात दिवसांचे सात तुकडे आहेत, विषय आत्महत्या. एका तुकड्यात फक्त पूल दिसतो. वरून, खालून, कठड्यापासून. आणि पडद्यावर नावं येत राहतात, वय, व्यवसाय. रक्ताचा थेंब नाही. मी त्या रात्री सिनेमा तिथेच थांबवून पाणी प्यायले आणि मग पुन्हा लावला. ज्यांना या विषयाचा त्रास होतो त्यांनी तो बघूच नये, हे मनापासून सांगते.

बाकीच्यांनी सुरुवात करायचीच तर बुटगेराइटपासून करा, श्नासपासून नको. आणि तुमच्यापैकी कुणी त्याचाच 'श्राम' बघितला असेल तर कमेंटमध्ये लिहा. भिंतीवरच्या रक्ताच्या डागांवर रंग मारताना शिडीवरून पडून मरणारा खुनी, आणि मरता मरता त्याला उलटसुलट आठवणारं सगळं. त्या माणसाची मला कीव का येते, यावर मला कुणाशी तरी सविस्तर बोलायचंय.