मिम्ब्रेसचे वाडगे आणि त्यांच्याविषयी फिरणाऱ्या थापा

मराठी गटांमध्ये फिरत असलेला एक लांबलचक संदेश अखेर आमच्या कुटुंबाच्या गटातही येऊन पडला. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या मिम्ब्रेस लोकांच्या चित्रित वाडग्यांविषयी तो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हे लोक ११३० साली एका रात्रीत नाहीसे झाले; त्यांच्या वाडग्यांवर मत्स्य, कूर्म आणि चंद्रावरचा ससा दिसतो, त्याअर्थी ते मूळचे भारतीय होते; समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसांना समुद्रातले मासे काढता येणे अशक्य आहे; प्रत्येक वाडग्याच्या तळाला ‘ऊर्जा’ वाहून जाण्यासाठी भोक ठेवलेले असते; संशोधकांनी हे सारे दडवून ठेवले आणि हौशी संग्राहकांनी खणून काढले म्हणूनच ते वाचले; सबब असा वाडगा विकत घेणे कायदेशीर आहे, पुण्यकारक आहे आणि गुंतवणूक म्हणूनही उत्तम आहे. एरवी असल्या मजकुराकडे मी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या भाचीने त्याच संदेशाखाली लिलावातील एका वाडग्याचे छायाचित्र टाकून “मामा, दिवाणखान्यात कसा दिसेल?” असे विचारले, आणि त्यावर चार नातेवाइकांनी अंगठे उंचावले. त्यामुळे हे लिहिणे भाग आहे.

एका रात्रीत नाहीसे होण्याची कथा आधी निकालात काढू. मिम्ब्रेस नदीच्या खोऱ्यात हे लोक कित्येक शतके जमिनीत खोदलेल्या खड्डाघरांत राहत होते. इसवी सन १००० च्या सुमारास ते नदीतले गोटे आणि चिखल यांच्या भिंती उभारून जमिनीवर एकाला एक लागून खोल्या बांधू लागले, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रित वाडग्यांचा ऐन बहराचा काळ तेव्हापासून सुमारे ११३० पर्यंतचा मानतात. या काळात खोऱ्यात माणसे वाढली आणि नदीकाठची झाडी शेतीसाठी साफ होत गेली. ही गोष्ट पुरातत्त्वज्ञ पॉल मिनिस यांनी चुलींतल्या कोळशावरून दाखवली: नदीकाठी वाढणाऱ्या झाडांच्या लाकडाचे प्रमाण त्या कोळशात घटत गेलेले दिसते. पुढे ११३० च्या सुमारास अवर्षणाची वर्षे आली आणि मोठी गावे रिकामी झाली. मात्र गावे रिकामी झाली म्हणून माणसे हवेत विरली असे होत नाही. मार्गारेट नेल्सन आणि मिशेल हेगमन यांनी ब्लॅक रेंज डोंगराच्या पूर्व उतारावर केलेल्या कामात असे दिसले की, लोकांनी शेतावरच्या हंगामी खोपटांना खोल्या जोडल्या, ती वाढवली आणि लहान वाड्या करून ते तिथेच राहत गेले. या कथेत अर्धे सत्य आहे ते एवढेच की, माणसांची आणि प्राण्यांची ती प्रसिद्ध चित्रे काढणे याच सुमारास थांबले. चित्रे थांबली याचा अर्थ चित्रकार मेले असा लावायचा झाला, तर जगातली निम्मी घराणी आपल्याला निर्वंश ठरवावी लागतील.

दशावताराविषयी फार शाई खर्च करण्याची माझी इच्छा नाही. मिम्ब्रेस वाडग्यांपैकी बहुसंख्य वाडग्यांवर कोणताही प्राणी नसतोच; त्यांवर त्रिकोण, नागमोडी रेषा, बारीक समांतर रेघांनी भरलेले पट्टे अशी भौमितिक नक्षी असते. उरलेल्यांवर ससे, पक्षी, हरणे, वटवाघळे, टोळ, मासे, कासवे, शिकारी माणसे आणि काही मिश्र रूपे आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून मासा आणि कासव तेवढे वेचून घ्यायचे आणि टोळ, वटवाघूळ यांच्याकडे पाठ फिरवायची, या पद्धतीने कोणाचेही कोणतेही अवतार कुठेही सापडतील. चंद्रावरच्या सशाबद्दल मात्र नाइलाजाने थोडे मान्य करतो. मिम्ब्रेस चित्रांत ससा आणि चंद्रकोर यांची जोडी खरोखरच आढळते. पण चंद्रावरच्या डागांत ससा आपल्याप्रमाणेच चीनमध्येही पाहिला गेला आणि मेक्सिकोतही; आणि यांपैकी मिम्ब्रेसचा शेजारी मेक्सिको आहे, महाराष्ट्र नव्हे. मिम्ब्रेस गावांत लाल मकाव पोपटांची हाडे सापडली आहेत, आणि या पक्ष्याचा नैसर्गिक अधिवास दूर दक्षिणेला, मेक्सिकोच्या उष्ण प्रदेशात आहे. पॅट्रिशिया गिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर काही चित्रांचा संबंध मध्य अमेरिकेतील जुळ्या वीरांच्या कथेशी जोडला आहे. दक्षिणेकडे बोट दाखवणारा इतका पुरावा समोर असताना प्रशांत महासागर ओलांडून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येण्याचे कारण काय, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

सशाच्याच ओघात संदेशाने १०५४ सालचा तारास्फोटही ओढून आणला आहे. एका वाडग्यावर वाकलेला ससा आणि त्याच्या पायाशी तेवीस किरणांचे गोल चिन्ह आहे. हा तारा चीनच्या नोंदींप्रमाणे तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता. त्यावरून ते चित्र त्या घटनेचेच असावे असे टेक्सास विद्यापीठातील काही संशोधकांनी सुचवले होते. सुचवणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, आणि वाडग्यावर तारीख लिहिलेली नसते. तरीही हा तर्क पूर्णपणे उडवून लावण्यासारखा नाही. गंमत एवढीच की तो खरा मानला, तर ते चित्र न्यू मेक्सिकोच्या आकाशाकडे न्यू मेक्सिकोतूनच पाहणाऱ्या माणसाचे ठरते, आणि संदेशाच्या मुख्य दाव्याला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

समुद्री माशांचे कोडे तर कधीच सुटलेले आहे. स्टीफन जेट आणि पीटर मॉयल यांनी १९८६ साली या चित्रांतील मासे बारकाईने तपासले आणि त्यांतले बरेच कॅलिफोर्नियाच्या आखातातले असल्याचे दाखवले. आखात शेकडो किलोमीटर दूर आहे हे खरे, पण त्याच आखातातील शिंपल्यांची कंकणे मिम्ब्रेस घरांत सापडतात. शिंपले येत होते म्हणजे माणसे जात-येत होती, आणि जाणाऱ्या माणसाला डोळे असतात.

आता भोकाकडे वळतो, कारण इथून पुढचे सारे नुकसान या भोकातूनच होते. येथे मी मुख्यतः एकाच ग्रंथावर विसंबून आहे, आणि तो त्या योग्यतेचा आहे. हॅरिएट आणि कॉर्नेलियस कॉसग्रोव्ह हे त्याच भागातील सिल्व्हर सिटी या गावी हार्डवेअरचे दुकान चालवणारे जोडपे. भांडीचोरांपासून वाचवण्यासाठी त्यांनी एक पांढरीचे टेकाड स्वतः विकत घेतले होते. पुढे हार्वर्डच्या पीबडी म्युझियमसाठी त्यांनी १९२४ ते १९२७ या काळात स्वार्ट्‌स रुइन या गावठाणाचे उत्खनन केले आणि १९३२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात शंभराहून अधिक खोल्या आणि हजाराहून अधिक दफने यांची नोंद आहे. शिवाय हॅरिएट यांनी शेकडो वाडग्यांची नक्षी स्वतःच्या हाताने शाईत उतरवून दिली आहे. तो अहवाल कोणीही चाळावा. बरीच दफने राहत्या खोल्यांच्या जमिनीखाली आहेत. पाय दुमडून मृताला खड्ड्यात बसते केलेले किंवा कुशीवर ठेवलेले असते, आणि अनेकदा एक वाडगा त्याच्या डोक्यावर पालथा घातलेला असतो. इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले तेव्हा घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले सापडली होती, हे ज्यांना आठवते त्यांना यात काही विपरीत वाटणार नाही. त्या पालथ्या वाडग्याच्या तळाला बहुधा एक लहान भोक पाडलेले असते. ते घडवताना ठेवलेले नसून भाजलेल्या, तयार वाडग्यावर नंतर ठोकून पाडलेले असते; म्हणून त्याच्या कडा ओबडधोबड असतात आणि कधी कधी त्याच ठिकाणाहून वाडगा तडकलेलाही दिसतो. भोक प्रत्येक वाडग्याला नसते, आणि प्रत्येक मृताबरोबर वाडगाही नसतो. शिवाय पुष्कळ वाडग्यांच्या आतल्या बाजूची चित्रे घासून पुसट झालेली आहेत, म्हणजे पुरण्याआधी त्यांत कोणीतरी जेवले होते. ते भोक का पाडत, याविषयी मृताचा आत्मा मोकळा व्हावा अशा स्पष्टीकरणापासून पुढे अनेक तर्क आहेत. पण ‘ऊर्जा’ हा शब्द त्यांत कोठेही येत नाही, आणि आणण्याची गरजही नाही.

यातून जी साधी गोष्ट निघते ती आमच्या गटातील अंगठे उंचावणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही: तळाला भोक असलेला वाडगा बाजारात आला असेल, तर तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी कवटीवरून उचललेला आहे.

उचलण्याची रीतही सांगतो, कारण संदेशाने तिला ‘वाचवणे’ म्हटले आहे. सुरुवातीला फावडी आणि लोखंडी सळया असत. पुढे या वाडग्यांना हजारो डॉलर मिळू लागले आणि शेतावर बुलडोझर आले. यंत्राने मातीचा एकेक थर खरवडत जायचे, बाजूला माणसे उभी करायची, पांढरे काही चमकले की यंत्र थांबवून हाताने उकरायचे, वाडगा मिळाला की ठेवायचा आणि हाडे, भिंती, चुली, जमिनी, साधी खापरे सगळी ढिगाऱ्यात लोटून द्यायची. गालाझ या मोठ्या गावठाणाचे हेच झाले. मिनेसोटा विद्यापीठाने १९२९ ते १९३१ मध्ये त्याचा काही भाग खणून नोंदवला होता. उरलेला भाग १९७५ च्या सुमारास बुलडोझरखाली गेला. स्टीव्हन लेब्लांक यांची मिम्ब्रेस फाउंडेशन ही संस्था तिथे यंत्रांशी शर्यत लावून मिळेल तेवढे टिपून घेत होती. पुढे जुन्या नोंदी आणि ही घाईची टिपणे जुळवून रॉजर एनियन आणि लेब्लांक यांनी १९८४ साली त्या गावावर ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे गालाझविषयी आज जे कळते ते खणून विकणाऱ्यांमुळे कळत नाही, त्यांच्या तावडीतून जे निसटले त्यावरून कळते.

यात नेमके काय जाते, त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे हॅरी शेफर यांनी नॅन रँच येथील गावठाणात अनेक हंगाम काम केले. तिथे एका स्त्रीच्या दफनात कुंभारकामाची हत्यारे तिच्यासोबत ठेवलेली आढळली. ही भांडी स्त्रिया घडवत असाव्यात असा अंदाज आधीपासून होता. त्याला एका ठरावीक खोलीतल्या एका ठरावीक खड्ड्यात हाताशी येईल असा पुरावा मिळाला. आता त्याच खड्ड्यावरून बुलडोझर गेला असता तर काय उरले असते? घोटायचा दगड हा नुसता दगड झाला असता, त्या बाईची हाडे खतात मिसळली असती, आणि वाडगा असलाच तर तो चकचकीत करून ‘अज्ञात कलाकार’ अशा पट्टीखाली कोणाच्या तरी दिवाणखान्यात गेला असता. ही कलाकार कोण होती हे कळण्याची एकमेव जागा तो खड्डा होता, आणि तो नष्ट करणाऱ्याला संदेश ‘तारणहार’ म्हणतो.

कायद्याविषयी संदेशाने जे लिहिले आहे त्यात मात्र अर्धे सत्य आहे, आणि तेच त्याला धोकादायक करते. अमेरिकेत खासगी जमिनीतील पुरावस्तू बहुतांशी जमीनमालकाच्या मानल्या जातात आणि अशा जमिनीतून पूर्वी निघालेला वाडगा जवळ बाळगणे हा आपोआप गुन्हा होत नाही; हे खरे आहे, मला आवडत नसले तरी. परंतु सरकारी जमिनीतून परवान्याविना काढलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री १९७९ च्या संघीय कायद्याने गुन्हा ठरवली आहे, आणि या प्रदेशातली बरीचशी जमीन सरकारी जंगलात मोडते. न्यू मेक्सिकोने तर १९८९ साली खासगी जमिनीवरील खूण नसलेली दफनेही परवानगीविना उकरण्यास बंदी केली. तेव्हा ‘जुन्या खासगी संग्रहातील’ एवढ्या तीन शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्याने वाडगा कोणत्या जमिनीतून, कोणत्या वर्षी, कोणी काढला, असे तीन प्रश्न विचारून पाहावेत. याखेरीज बनावट वाडगे आहेत, फिक्या नक्षीवर नव्याने रंग चढवलेले आहेत आणि भोक बुजवून सारखे केलेलेही आहेत. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने निदान एवढे तरी जाणून घ्यावे.

राहिला दडवण्याचा आरोप. पुरातत्त्वज्ञ जेसी फ्यूक्स यांनी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी या खोऱ्याविषयी १९१४ सालीच लिहिले. कॉसग्रोव्ह दांपत्याचा अहवाल नव्वदहून अधिक वर्षे ग्रंथालयांत आहे. लेब्लांक आणि हेगमन यांनी दहा हजारांच्या घरातील भांड्यांच्या छायाचित्रांचा डिजिटल संग्रह उभा केला आहे. अ‍ॅरिझोनातील होपी या मूलनिवासी समाजाचे चित्रकार फ्रेड काबोटी यांनी तर १९४९ सालीच या नक्षीचा आपल्या परंपरेतून अर्थ लावणारे पुस्तक लिहिले. आणि ज्यांना वाडगेच पाहायचे आहेत त्यांच्यासाठी सिल्व्हर सिटी येथे वेस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठाचे संग्रहालय आहे. नॅन रँचच्या उत्खननातील वस्तू तिथे ठेवलेल्या आहेत, आणि फिनिक्सहून मोटारीने तिथे एका दिवसात सहज पोहोचता येते.