पारनेर, अक्षांश ७४

पारनेर तालुक्याला समुद्र नाही. पाऊसही बेताचाच. तरी जुलैतल्या एका सोमवारी आमच्या पर्जन्यनकाशात पारनेर चारी बाजूंनी समुद्राने वेढलेलं होतं, आणि तेही उत्तर ध्रुवाच्या वाटेवर.

झालं होतं एवढंच, की ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. जुन्यावर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, होती. ती कोणी लिहिली हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या ओळीत फक्त ‘हात लावू नये’ एवढी ताकीद आहे. पर्जन्यमापक केंद्रांची यादी दिली की ती मुकाट्याने महाराष्ट्राचा ठिपक्याठिपक्यांचा नकाशा काढून द्यायची. नव्या मशीनवर मात्र सगळं नवंकोरं बसवणं आलं: नकाशे काढणारी कार्टोपाय, आणि तिच्या पोटातली, गोल पृथ्वी सपाट करून देणारी प्रोज. दोन्ही लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच; दोन्ही फुकट, दोन्ही उघड्या कोडच्या.

कार्टोपाय ब्रिटिश हवामान खात्यात जन्मली. २०१२ पासून लोकांच्या हातात आहे आणि अजून तिचा आवृत्तीक्रमांक शून्य पूर्णांक काहीतरीच आहे. इतका विनय आमच्या क्षेत्रात दुसरीकडे पाहायला मिळत नाही. प्रोजचा स्वभाव निराळा. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात जेराल्ड एव्हेंडेन यांनी ती लिहिली. चौथीत, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, ती इतकी वर्षं बसून राहिली, की लोक तिला नावानेच ‘प्रोज फोर’ म्हणू लागले. मग काय अंगात आलं कोण जाणे: २०१८ला पाचवी, २०१९ला सहावी, २०२०ला सातवी, २०२१ला आठवी, २०२२ला नववी. दर मार्चमध्ये, एकदाही नापास न होता.

गोम सहावीत आहे. सहावीत प्रोजला शिस्त लागली.

बिंदू सांगताना आधी काय सांगायचं, यावर जगात दोन घराणी आहेत. दर्यावर्दी आणि भूगोलाचे मास्तर आधी अक्षांश सांगतात. आलेखवाले म्हणतात, आडवा अक्ष आधी, म्हणून रेखांश आधी. प्रोग्रामर बहुतेक दुसऱ्या घराण्यातले. प्रोजही वर्षानुवर्षं त्यांचंच ऐकत होती. पण आपण सगळे वापरतो त्या अक्षांश-रेखांशांच्या ४३२६ क्रमांकाच्या पद्धतीची अधिकृत व्याख्या (हे क्रमांक खनिज तेल शोधणाऱ्यांच्या एका युरोपीय गटाने वाटले आहेत, जगाचा पत्ता शेवटी तेलवाल्यांकडेच) सांगते, की आधी अक्षांश. सहाव्या आवृत्तीने ठरवलं, व्याख्या म्हणजे व्याख्या. बरोबरच आहे म्हणा. नियमाने वागणाऱ्या माणसाबरोबर राहणं अवघड जातं, त्यात त्याची काय चूक?

नव्या आवृत्तीला स्क्रिप्टमधली जुनी ओळ रुचेना. तिने अतिशय नम्र इशारा दिला, की ही पद्धत कालबाह्य झाली, अशी अशी नवी वापरावी. वापरली. इशाऱ्याच्या शेपटाला ‘अक्षांच्या क्रमाचं भान ठेवावं’ असंही होतं, पण इशाऱ्याच्या शेपटापर्यंत वाचत जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

नकाशा निघाला. महाराष्ट्राची सीमारेषा सुबक, आत एकही ठिपका नाही.

“पाऊस कुठाय?” सरांनी विचारलं.

“आहे सर. जरा वर गेलाय.”

“वर म्हणजे, मध्य प्रदेशात?”

“नॉर्वेत.”

सगळ्या जगाचा नकाशा उघडला तेव्हा उलगडा झाला. नॉर्वे आणि त्याच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या मधल्या समुद्रात आमचा महाराष्ट्र आडव्याचा उभा होऊन पडला होता. पारनेर १९.०० उत्तर, ७४.४४ पूर्व, आकडे उलटे वाचले की नेमकं बेअर आयलंड नावाच्या नॉर्वेजियन बेटावर. त्या बेटावर वस्ती म्हणाल तर एका हवामान केंद्रातली मूठभर माणसं. म्हणजे आमचा पाऊस घर चुकला तरी जातवाल्यांच्याच दारात जाऊन पडला. गडचिरोली स्वालबार्डच्या बर्फावर होती. मुंबई पाण्यातच होती, फक्त समुद्र बदलला होता. आमचा नागपूरकर सहकारी खुर्ची ओढून बघतच बसला आणि म्हणाला, “एकोणऐंशी उत्तर! काय थंडगार वाटून राहिलं बाप्पा. राहू दे नं असंच.”

यावर उपाय आहे, आणि तो लायब्ररीवाल्यांनीच देऊन ठेवलाय. ‘ऑलवेज एक्सवाय’ असं एक कलम घातलं की प्रोज कपाळाला आठी न घालता जुन्या क्रमाने वागते. घातलं. महाराष्ट्र नॉर्वेतून निघाला आणि आफ्रिकेजवळ बुडाला.

कारण कार्टोपायला वेगळं सांगावं लागतं, की बाई, हे आकडे अंश आहेत. नाही सांगितलं तर मीटरमध्ये मोजणाऱ्या मर्केटर नकाशावर ती त्यांना मीटर समजते. मग शून्य अक्षांश, शून्य रेखांशापासून, म्हणजे गिनीच्या आखातातून, चौऱ्याहत्तर पावलं पूर्वेला आणि एकोणीस उत्तरेला पारनेर. कोकणापासून गडचिरोलीपर्यंतचं राज्य आठ-साडेआठ मीटर रुंदीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या लावाव्यात एवढ्या जागेत. त्या शून्य-शून्याला ‘नल आयलंड’ असं लाडाचं नाव आहे. बेट नाहीच तिथे, एक हवामानाचा बोया तेवढा तरंगत असायचा. पुन्हा जातवाले!

तेही सांगितलं. संध्याकाळी महाराष्ट्र महाराष्ट्रात आला. ठिपका न् ठिपका जागेवर. मी प्रिंट घेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“कोकण पिवळं कसं? कोकण लाल असतं.”

ठिपके रंगवणारी मॅटप्लॉटलिबही नवीन होती. निळ्यापासून लालपर्यंतची जुनी रंगपट्टी तिने २०१७मध्येच बाजूला ठेवली. आता न सांगता मिळते ती व्हिरिडिस, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत. ती रंगांधळ्यांनाही वाचता येते, काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्येही कमी-जास्त कळतं, उगाच नसलेल्या सीमा दिसत नाहीत. हे सगळं मी सरांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली, झेरॉक्सचा मुद्दा तर त्यांना विशेष पटला.

“छान,” ते म्हणाले. “आता लाल कर.”